मर्लच्या तीन टिंगा

मी एक आवाजाची फाइल बोलतेय. साधीसुधी नाही हं, अस्सल! ऑस्ट्रेलियातल्या कूलाबरी गावच्या बँडचं सबंध वादन माझ्या पोटात आहे.

माझा जन्म गावच्या पत्र्याच्या हॉलमध्ये झाला. बाहेरचे काकाकुवे एकदाचे गप्प झाले आणि कॉलिनने, म्हणजे बँडच्या चिटणीसाने, यंत्राचं बटण दाबलं. स्पर्धा सिडनीत, हजार किलोमीटरवर. दूरच्या गावांनी आपलं वादन टिपून पाठवायचं अशी पद्धत होती.

शेवटच्या रांगेत सत्त्याहत्तर वर्षांची मर्ल. पोलादी त्रिकोणावर सळईने तीनदा टिंग करायचं, एवढंच तिचं काम.

"तू झोपलीस तरी कुणाला कळायचं नाही," कॉलिन चिडवायचा.

"तुला नाही कळायचं, बहिऱ्या!"

मग कॉलिनने घोळ घातला. त्याने माझी प्रत मेसेजमधून स्वतःच्या फोनवर पाठवली. अशा वेळी फोन फाइल दाबून लहान करतो, कानाला सहसा न जाणवणारे उंच, बारीक सूर छाटून टाकतो. नियमात तर न दाबलेली मोठी फाइल हवी होती. म्हणून या शहाण्याने ती दाबलेली प्रत पुन्हा फुगवली आणि दिली धाडून! वजन माझ्याएवढं झालं खरं, पण छाटलेलं परत कुठून येणार?

तीन दिवसांनी परीक्षक नाओमीबाई हॉलच्या पडद्यावर आल्या. "तुमची फाइल आधी दाबलेली आहे. हे सुरांचं चित्र बघा, वरती कात्रीने कापल्यासारखं सपाट. इंटरनेटवरून उचललेलं वादन असंच दिसतं. बँड बाद करावा लागेल."

मर्ल ताडकन उठली. "आम्ही चोर? अहो, चाळीस वर्षं वाजवतेय मी!"

कॉलिनचा चेहरा पडला. त्याने सगळं कबूल केलं.

"आणि मूळची फाइल? पुसलीस की काय, मेल्या?"

"नाही गं... यंत्राच्या कार्डात आहे. बिस्किटांच्या डब्यात."

डबा उघडला. या खेपेला मेसेज नाही, फोन नाही. कार्डातून माझी जशीच्या तशी प्रत गेली. नाओमीबाईंनी ती उघडली आणि माझा जीव टांगणीला लागला.

सुरांच्या चित्रात बाकीची वाद्यं वर जाता जाता विरळ झाली होती. पण तीन ठिकाणी लखलखीत उभ्या रेघा थेट माथ्यापर्यंत गेल्या होत्या.

"या कसल्या?" बाईंनी विचारलं.

"माझ्या," मर्ल म्हणाली.

बाई मनमोकळं हसल्या. "दाबलेल्या फाइलमध्ये यांचे शेंडे उरलेच नसते. ही अस्सल आहे. तुमचा बँड स्पर्धेत आहे!"

असा जल्लोष झाला की पत्रे दणाणले. मी तर आनंदाने वेडी व्हायची बाकी होते.

"आता चिडव बघू," मर्लने कॉलिनला गाठलं.

"चुकलो बाई! वर्षभर चहा माझ्याकडून."

बक्षीस दुसरं मिळालं, पण मिरवणूक पहिल्याच्या थाटात निघाली. सगळ्यात पुढे मर्ल, आणि तिने वाटभर टिंग थांबवली नाही.

आता मी त्याच डब्यात असते. झाकणावर कॉलिनने लिहिलंय, 'हात लावाल तर मर्लशी गाठ आहे.' मला खुशाल ऐका, गावोगावी न्या, पण सबंध न्या. माझ्यात मर्लच्या तीन टिंगा आहेत, आणि त्यांतली एकही मी कुणाला छाटू देणार नाही.