मुळांची वाटणी

धाकट्याने कोयता उगारला आणि आडव्या पडलेल्या झाडाची मनगटाएवढी फांदी एका घावात उडवली. मग दुसरी उडवली. तिसरी नुसती डहाळी होती, हाताने मोडली असती, पण तिच्यावरही त्याने जीव खाऊन घाव घातला.

"अरे, मेलंय ते," दादा बुंध्यापलीकडून म्हणाला. "मेलेल्याला अजून किती मारशील?"

वहिनी हसली. धाकट्याला काही हसू आलं नाही. तो खाली मान घालून पुढच्या फांदीकडे सरकला.

बाग वडिलांच्या हातची. एक काळ्या सालीचं झाड, एक पांढऱ्या सालीचं, पुन्हा एक काळं, अशा रांगा. वडील गेल्यावर जमिनीचे तुकडे पाडणं दोघांच्याही जिवावर आलं, म्हणून त्यांनी जमीन ठेवली आणि झाडं वाटून घेतली. पांढरी धाकट्याची, काळी दादाची. नात्यागोत्यात मोठं हसं झालं. बांधावरून डोकी फोडणारे भाऊ सगळ्यांनी पाहिले होते, सालीच्या रंगावरून वाटणी करणारे हे पहिलेच. पण हसणारे हसोत बापडे! वाटणी एका बैठकीत झाली आणि कुणाचा आवाज चढला नाही.

पांढरी झाडं भराभर वाढणारी, ती आधी तयार झाली. धाकट्याला सुतारकामाचा कारखाना काढायचा होता. लाकडाचा व्यापारी म्हणाला, घेईन तर सगळी एकदम, नाहीतर राहू दे. धाकट्याने सगळी एकदम दिली. त्यानंतरच्या पहिल्याच वादळात दादाची काळी झाडं एकामागून एक लोळली. मुळांसकट उपटून आडवी झाली. जी उभी राहिली, त्यांचाही काही भरवसा नव्हता.

बघायला येणारे हळहळत आणि दादा प्रत्येकाला तेच सांगे.

"चूक माझीच. लावताना खड्डे मी खणले होते. अंगचोरपणा केला, उथळ पडले."

हे ऐकलं की धाकटा तिथून काढता पाय घेई. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माणूस शिव्या खाऊन मोकळा तरी होतो. हे असं दुसऱ्याने आपलं पाप स्वतःच्या डोक्यावर घेऊन हिंडायचं आणि आपण मागून कोयता घेऊन मदतीला जायचं, याला काय म्हणावं?

कारण खड्डे उथळ नव्हतेच. खरं काय ते धाकट्याला पक्कं माहीत होतं. मुळांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई बागेत येत असत. लोखंडी नळी ठोकून जमिनीतून मातीचा दांडा काढायचा, चाळणीवर धुवायचा आणि हाती लागलेली मुळं निवडत बसायचं, हे त्यांचं काम. सगळे त्यांना मुळंवाल्या बाईच म्हणत. तोड सुरू होण्याआधी त्या धाकट्याच्या घरी आल्या होत्या.

"तुमच्या झाडांनी खालची माती धरलीय," त्या म्हणाल्या होत्या. "म्हणून दादांची झाडं वरच्या वर पसरलीत. आपली मुळं तुमच्या झाडांच्या मुळांत गुंतवून ती उभी आहेत. तुमची एकदम काढलीत तर वाऱ्यात त्यांना कुणाचा आधार नाही. थोडी थोडी काढा, मधे काही वर्षं जाऊ द्या. निदान दादांशी बोला तरी."

"बोलतो," धाकटा म्हणाला होता. आणि मूग गिळून बसला होता. दादाला सांगितलं तर तो थांब म्हणेल, थांबलो तर व्यापारी हातचा जाईल, असा त्याचा हिशोब. वादळ काय, येईल न येईल.

दुपारी बाईंची गाडी बागेच्या तोंडाशी थांबली. चोराच्या मनात चांदणं! धाकट्याने कोयता टाकला आणि दादा उठायच्या आत गाडी गाठली. बाईंची पिशवी घेतली, नळी खांद्यावर टाकली आणि त्यांना थेट पाण्याच्या टाकीमागे नेलं.

"इथे कुठे?" बाई म्हणाल्या. "मला पडलेल्या झाडांकडे जायचंय."

"जाऊ. आधी एक ऐका." त्याने पिशवी खाली ठेवली, पुन्हा उचलली. "तुम्ही मला आधी सांगितलं होतं, तेवढं दादाला बोलू नका. हात जोडतो."

बाईंनी आपली पिशवी त्याच्या हातातून काढून घेतली.

"त्यांना काय सांगायचं त्यात? त्यांनीच तर मला तुमच्याकडे पाठवलं होतं."

"कुणी?"

"दादांनी. मी आधी त्यांनाच सांगितलं होतं. ते म्हणाले, मी बोललो तर त्याला वाटेल, भाऊ स्वतःची झाडं वाचवायला बघतोय. तुम्ही सांगा. त्याला पटलं तर तो आपणहून येईल माझ्याकडे." बाईंचा आवाज उतरला. "मला वाटलं, तुमचं दोघांचं बोलणं झालं असेल."

धाकटा टाकीला टेकला. तोडीच्या आधीचे ते दिवस त्याला आठवले. दादा रोज संध्याकाळी येऊन त्याच्या दारात पायरीवर बसत होता. पाण्याचं बोलायचा, पोरांच्या शाळेचं बोलायचा, मग बोलणं संपलं तरी बसून राहायचा. आणि हा शहाणा मनात म्हणायचा, याला आज घरी कामधंदा नाही वाटतं. मशीन लावून तोड सुरू झाली त्या दिवसापासून दादा यायचा बंद झाला. तेही याच्या ध्यानात आलं नाही!

बाईंना तिथेच सोडून तो परत गेला. दादा बुंध्यावर खडूने रेघा मारत होता. वहिनी फांद्या गोळा करत होती.

"दादा."

"हं."

"खड्डे उथळ नव्हते."

दादाचा हात थांबला नाही. रेघ पूर्ण झाली, मग तो म्हणाला, "माहीत आहे मला."

"बाईंनी मला सांगितलं होतं. मी तुला..."

"तेही माहीत आहे."

वहिनीने हातातल्या फांद्या खाली ठेवल्या आणि पाणी आणते म्हणून घराकडे निघून गेली. धाकट्याच्या डोळ्यांतून टिपं गळायला लागली. त्याने ती पुसली नाहीत.

"मग लोकांना असं कशाला सांगत सुटलास?"

"मग काय सांगू? माझा भाऊ माझ्याशी बोलला नाही म्हणून सांगू?" दादाने खडू खिशात टाकला. तो रागावलेला नव्हता, दमलेला होता. "अरे, तू येऊन बोलला असतास ना, तर मीच म्हणालो असतो, तोड सगळी. कारखाना व्हायलाच हवा होता तुझा. झाडांचं काय घेऊन बसलास, दोघांनी मिळून परत लावली असती. नुसतं बोलायचंस रे."

दादाने दोन मुठींची लांब करवत उचलली, खडूच्या पहिल्या रेघेवर बसवली आणि पलीकडची मूठ धाकट्यापुढे केली.

"धर."

त्याने धरली. दादाने करवत एकदा आपल्याकडे ओढली आणि तो थांबला. आता ओढायची पाळी धाकट्याची होती.