मेल्यानंतरचं हसू

तात्यारावांनी आयुष्यात एकच सिनेमा केला आणि त्यात ते मेले. पुढे कारखान्यात नोकरी करून निवृत्त झाले, पण शनिवार पेठेतली जुनी मंडळी त्यांना अजून ‘काळवैद्य’ म्हणूनच हाक मारायची. सिनेमा काळापांढरा, अंगावर काटा आणणारा. अमर व्हायच्या नादानं पछाडलेला वैद्य डोंगरावरच्या गढीत एकेकाचा जीव घेऊन रसायन बनवतो आणि शेवटी तेच पिऊन दगडी टेबलावर तडफडून मरतो.

आता खऱ्या डॉक्टरांनी बायपास सांगितली होती, तीही लगेच. आणि तात्याराव नाही म्हणत होते.

कारण ऐकून त्यांच्या लेकीनं, अपेक्षानं, कपाळावर हात मारला. पडद्यावर मेलेल्या नटानं लगेच उठून कॅमेऱ्यात बघून हसायचं, असा तेव्हा रिवाज होता. मरण अंगाला चिकटू नये म्हणून तेवढा तुकडा घ्यायचा आणि नंतर कापून टाकायचा. तात्यारावांचं मरण चित्रित झालं आणि नेमकी फिल्म संपली. कच्ची फिल्म तेव्हा सरकारी कोट्यातून मिळायची. ‘हसणं उद्या घेऊ,’ दिग्दर्शक म्हणाला. दुसऱ्या दिवशी सेटच मोडला.

“टेबलावर आडवं व्हायचं काम मी एकदा केलंय,” तात्याराव म्हणाले. “उठायचं राहिलंय.”

“बाबा, अहो, दोन हजार साल उजाडलं! तुम्ही हे खरं मानता?”

“मी कुठं मानतो? पण त्या टेबलावर झोपायचंय मला. तुला काय जातंय सांगायला?”

अपेक्षा कर्वेनगरच्या एका आयटी कंपनीत होती. कॉम्प्युटरवर होत नाही असं जगात काही नाही, अशी तिची त्या दिवसांत श्रद्धाच होती. बापाची एक, लेकीची दुसरी. तिनं एका छंदिष्ट माणसाकडून सिनेमाची सीडी मिळवली. अख्ख्या सिनेमात बाबा एकदाच हसले होते. ते हसू तिनं मरणाच्या दृश्यानंतर बेमालूम जोडलं आणि संध्याकाळी बाबांना खुर्चीत बसवलं.

पडद्यावर वैद्य तडफडला. डोळे मिटले. मग तो चेहरा पुन्हा उजळला, खालून मेणबत्तीचा उजेड, आणि दात दाखवत तो खदखदा हसला.

“बंद कर!” तात्याराव ओरडले.

“पण बाबा, हसलात ना तुम्ही? भरून निघाली की उणीव.”

“हा मी नाही. रसायन प्यायल्यावरचं हसू आहे हे, त्या वैद्याचं. मेल्यावर मी उठायचं होतं गं. तू त्याला उठवलंस!”

अपेक्षानं पडद्याकडे पाहिलं आणि तिलाही भीती वाटली. तिच्याकडे रोखून बघणारे ते डोळे, लहानपणी तिच्या वेण्या घालून देणाऱ्या माणसाचे नव्हतेच. तिनं घाईघाईनं कॉम्प्युटरची वायरच उपटली.

सकाळी बाबांच्या छातीत कळ आली. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, “आता थांबण्यात अर्थ नाही.” तात्याराव घामानं भिजलेले, पण मान नकारार्थीच हलत होती. स्ट्रेचर दारात खोळंबलं. डॉक्टर घड्याळ बघायला लागले. अपेक्षाचा धीर सुटला.

“मला तुमचा रिवाज कळत नाही,” ती रडत ओरडली. “मला तुम्ही हवे आहात! आई गेल्यावर मला दुसरं कोण आहे? काल तो खोटेपणा तुमच्यासाठी नाही केला, माझ्यासाठी केला. मला भीती वाटतेय, बाबा!”

घरात असं उघड बोलायची पद्धत नव्हती. तात्यारावांची मान हलायची थांबली.

“हसणं कधी घेतात?” त्यांनी विचारलं.

“कधी?”

“मेल्यानंतर. आणि मी बसलोय आधी मागत.” त्यांनी कष्टानं श्वास घेतला. “मी उठलो की आधी मला हसायला सांग. नर्सबिर्स मागाहून. आणि डॉक्टर, आपण हात धुवून घ्या. नुसतं घड्याळ बघून काय होणार?”

त्यांना आत नेलं. अपेक्षा बाहेर बसली. कुणी चहा आणून दिला, तो तसाच गार झाला. ऑपरेशन झालं, पण शुद्ध यायला फार वेळ लागला. तिला आत सोडलं तेव्हा बाबांच्या तोंडातली नळी नुकतीच काढली होती. डोळे उघडे होते, पण ओळख नव्हती.

“बाबा, हसा.”

काही नाही. चेहरा दगडासारखा.

“बाबा, मी अपेक्षा. शॉट झाला. हसा ना.”

ओठ हलले. ती वाकली.

“कॅमेरा कुठाय?” त्यांनी खरखरत विचारलं.

कॅमेरा आणायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिनं दोन्ही हातांची बोटं जुळवून डोळ्यांपुढे चौकट धरली. तात्यारावांनी मान किंचित वळवली, चौकटीत नीट पाहिलं, आणि हसले. मग खोकले आणि पुन्हा हसले.

“आजोबा, टाके दुखतील,” नर्स धावत आली, “हसू नका!”

तात्यारावांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. ते त्या चौकटीतच बघत राहिले, आणि अपेक्षानंही हात खाली घेतले नाहीत.