सुपारीचं वऱ्हाड

माणूस जनावरांच्या पुढे गेला तो केवळ अंगठ्यामुळे. अंगठा होता म्हणून दगड उचलला गेला, चाक घडलं, देवळं उभी राहिली, साम्राज्यं आली आणि गेली — आणि ह्या क्षणी निवृत्त हवालदार नाथाजीच्या त्याच अंगठ्याला एक सुपारी चिकटून बसली होती. सुपारी साधी नव्हती. तिला मिश्या होत्या, डोक्याला लाल फेटा होता आणि ती नवरदेव होती. नाथाजीने फुंकर घातली. मग ओढून पाहिलं. फेटा हातात आला. नवरदेव होता तिथेच राहिला.

फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला होता आणि त्यातली मुलगी सकाळपासून हसत होती. "एकदम सोप्पं, घरातल्याच वस्तू, पाच मिनिटांत तयार..." तिची नखं रंगवलेली होती, अंगठे दोन्ही मोकळे होते. त्याने डाव्या हाताने तिला थांबवलं. थांबली तरी तोंड उघडंच राहिलं. हसणाऱ्या माणसाला मध्येच थांबवलं की तो ओरडत असल्यासारखा का दिसतो कोण जाणे. तिच्या पाच मिनिटांत सकाळची न्याहारी झाली होती, हायवेवरून उसाच्या कितीतरी ट्रॉल्या गेल्या होत्या, आणि चटईवर ब्लाउजपिसांचे तुकडे, लोकर, काड्यापेटीतल्या काड्या, कान कोरायच्या कापसाच्या काड्या आणि बुटाच्या खोक्याचं झाकण अशी सामग्री पसरली होती. झाकणाला सोनेरी कागद लावला होता. तो मांडव.

"नाथा, अरं त्यो नवरदेव हाय का अंगठ्याला गळू झालंय?" सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेल्या रंगूबाईने विचारलं. रंगूबाई त्याची चुलती. लग्नासाठी म्हणून कडेगावहून आली होती, अंमळ लवकरच आली होती, आणि पानाचा डबा घरी विसरून आली होती.

"आवं काकी, चिकाटला."

"चिकाटू दे. नवरदेवानं चिकाटलंच पायजे. सुटला तर काय कामाचा?"

तिचा जबडा हलत होता. नाथाजीने परातीत नजर टाकली. पूजेच्या सुपाऱ्या त्याने सकाळी स्वतः निवडून ठेवल्या होत्या — चेहऱ्याच्या म्हणून गोल, भटजीसाठी एक जरा पोट सुटलेली — आणि त्या आता कमी दिसत होत्या.

"काकी, तोंडात काय हाय?"

"काय न्हाई."

"त्यात करवली हुती."

"व्हय?" रंगूबाईने थोडा विचार केला. "लय कडक निघाली."

हे सगळं त्याने स्वतःच्या तोंडाने ओढवून घेतलं होतं. पुढच्या रविवारी साक्षीचं लग्न. मांडवात एका बाजूला टेबलं लावून नवरीच्या हातची कलाकुसर मांडायची, त्याला रुखवत म्हणायचं, आणि वरपक्षाच्या बायकांनी ते नाक न मुरडता पाहून जायचं, ही रीत. पण साक्षीचे हात पुण्याच्या कंपनीत कॉम्प्युटरवर, आणि संयोगिताचे हात आमंत्रणं, आहेर, शिंपी आणि पापड यांत. तेव्हा मायलेकींनी ठरवलं की रुखवत भाड्याने आणायचं. कराडात मिळतं. टेम्पो येतो, मांडून जातो, अक्षता पडल्या की उचलून दुसऱ्या मांडवात नेतो. त्यातल्या सुपारीच्या नवरीची एका सीझनमध्ये इतकी लग्नं लागतात की तिच्या चेहऱ्यावर लाज म्हणून उरलेली नसते. जेवताना हा बेत कानावर आला आणि नाथाजीच्या आतून, भाकरीच्या घासाआडून, परेडच्या मैदानावरचा आवाज बाहेर पडला — माझ्या लेकीचं रुखवत घरात हुईल, मी करीन.

मग साक्षी, ताटातून वर न बघता, आईला म्हणाली, "आई, अण्णांना म्हणावं, कशाला त्रास."

अण्णांना म्हणावं. अण्णा समोर बसलेले, हातभर अंतरावर, मधे फक्त चटणीची वाटी. पण ह्या घरात साक्षीचं बोलणं त्याच्याकडे नेहमी संयोगितावरून यायचं, जसं फौजेत जवानाचं म्हणणं साहेबाकडे हवालदारामार्फत जातं. आई, अण्णांना विचार, चहा घेणार का. आई, अण्णांना सांग, मला नोकरी लागली. आई, अण्णांना सांग... मुलगा बघितलाय मी. संयोगिता मान वळवायची आणि तेच वाक्य, एक शब्द इकडचा तिकडे न करता, पुन्हा म्हणायची. दोघांनाही पहिल्याच वेळी ऐकू आलेलं असायचं. रविवारनंतर ही मार्फतची हजेरीसुद्धा पुण्याला जाणार, आणि मग फोन यायचा तो संयोगिताच्या फोनवर, आणि शेवटी कधी तरी, ठेवता ठेवता — अण्णा बरे आहेत ना.

ठरलं ते इतकंच, की आज त्या दोघी कराडला शिंप्याकडे जाऊन येतील तोवर नाथाजीने काय करायचं ते करावं. संध्याकाळी साक्षी बघेल. पसंत पडलं तर ठीक, नाहीतर टेम्पोवाल्याला हो म्हणायचं. हाही निरोप संयोगितामार्फतच आला होता.

त्याने अंगठा कोमट पाण्यात बुडवला. नवरदेवही बुडाला. पाण्यात मिश्यांचा काळा रंग धुराच्या वळीसारखा पसरत गेला आणि त्याला एकदम उंब्रजच्या स्टँडवरची ती दुपार आठवली... ट्रंक, होल्डॉल, वर्षाच्या सुट्टीतले उरलेले दिवस, आणि संयोगिताच्या पदराआड अर्धा चेहरा. सुट्टीवर आलेल्या नाथाजीला घरात सगळे हसून बोलत होते, मटण शिजत होतं, कपाटातली फुलांची कपबशी निघाली होती, आणि तो अर्धा चेहरा सगळा वेळ त्याच्याकडे बघत होता. रात्री अंथरूण घालताना त्या चेहऱ्याने आईला विचारलं, "आई, ह्ये पाव्हणं कवा जाणार?" सगळे पोट धरून हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. पलटणीत गेल्यावर हा किस्सा मी किती जणांना सांगितला... आणि प्रत्येक वेळी सांगून झाल्यावर, जो तो हसत असताना, बुटाची लेस सैल झाली की काय म्हणून खाली वाकून बघायचो.

कपबशी मात्र तशीच चालू राहिली. पेन्शन आली, साक्षीच्या जावळाची वेणी झाली, वेणीचा बॉबकट झाला, तरी घरातले सगळे स्टीलच्या पेल्यातून चहा पितात आणि नाथाजीला तो फुलांच्या कपात, खाली बशी घेऊन येतो. साक्षीच आणते. कधी सांडत नाही. बशी नेहमी कोरडी.

सुपारी सुटली. थोडी कातडी घेऊन गेली, पण सुटली. नाथाजीने तिला पुसून पुन्हा मिश्या काढल्या.

दुपार कलली तसा हात बसू लागला. काडीला लोकर गुंडाळली की हात होतो, कापसाच्या काडीचं टोक कापलं की मुंडावळीचा मोती होतो, औषधाच्या बाटलीचं बूच पालथं घातलं की तुळशीवृंदावन होतं. ह्या गोष्टी जगात पहिल्यापासून अशाच होत्या आणि आपल्याला कुणी सांगितल्या नव्हत्या, असं त्याला वाटायला लागलं. संयोगिताच्या जुन्या हिरव्या ब्लाउजचा तुकडा एका सुपारीला गुंडाळताना त्याने नकळत तो सैल धरला — घट्ट नको, तिला काचतं. हे मला कधी कळलं? कधी तरी कळलं असणार. माणूस सुट्टीवर असला तरी डोळे काही सुट्टीवर नसतात.

"ह्यो कोण, फौजदार?" रंगूबाई वाकून बघत होती.

"भटजी हाय काकी."

"मग असा डोळं वटारून का बघतोय? आन् वऱ्हाड सगळं एका रांगंत? लग्न हाय का झेंडावंदन?"

नाथाजी मागे सरकला. खरंच, वाजंत्री पुढे, पाहुणे मागे, तिघातिघांच्या ओळी, प्रत्येकात काडीपेटीभर अंतर, उंचीप्रमाणे उजवीकडून डावीकडे. हलगीवालासुद्धा सावधान उभा होता. त्याने दोघांना जरा तिरकं केलं. बरं वाटेना. पुन्हा सरळ केलं. मग डोळे मिटून, एखाद्या उंच कड्यावरून उडी मारावी तसं, एका पाहुण्याला ओळीतून उचलून थेट जेवणाच्या पंगतीकडे तोंड करून चिकटवलं. झटकन चिकटणारा डिंक तो; आता तो माणूस जन्मभर पंगतीकडेच बघणार होता. नाथाजीला कित्येक वर्षांत इतकं मोकळं वाटलं नव्हतं.

शेवटी एका पांढऱ्या पट्टीवर त्याने वळणदार अक्षरात लिहिलं — 'कु. साक्षीने स्वहस्ते केले'. रीतच ती. करतं कोण, हे सगळ्या गावाला ठाऊक असतं आणि पट्टी मात्र नवरीचीच. त्याला त्यात वावगं काही वाटलं नाही. खंदक जवानाने खणायचा आणि खाली सही साहेबाची, ह्यात त्याची उमर गेली होती; फरक एवढाच, की हा साहेब त्याला आवडत होता.

गाडी दारात थांबली. संयोगिता पिशव्या घेऊन थेट आत गेली, कारण शिंप्याने बाही आखूड शिवली होती आणि जगात आज दुसरं काही घडलेलं नव्हतं. साक्षी चपला काढून चटईजवळ आली. तिचा फोन वाजत होता. नाथाजी उठून उभा राहिला, मग उभं राहण्यासारखं काय आहे असं वाटून बसला, मग पुन्हा उठला.

ती गुडघ्यांवर बसली. अंतरपाटाचा रुमाल तिने बोटाने किंचित उचलून पाहिला. पलीकडे नवरदेव होता, जरा फिका, पण होता. पंगतीकडे बघणारा पाहुणा दिसला तेव्हा तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. आत्ता मान वळणार. आत्ता ती स्वयंपाकघराकडे बघून म्हणणार, आई, अण्णांना म्हणावं...

"हा भटजी रागावलाय कशानं?"

हे कुणाला विचारलं ते कळायला त्याला वेळ लागला. त्याने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"दक्षिणा... ठरली न्हाई अजून," तो म्हणाला.

ती हसली. मग बोट एकेका सुपारीवरून फिरायला लागलं. "हा मामा. हा त्यांचा मामा. ही मी. आई तुळशीपाशी, पाणी घालत्या. ह्या रंगूआजी, तोंड हलतंय वाटतं." बोट शेवटपर्यंत गेलं, परत आलं, मांडवाच्या कडेने एक फेरी मारून आलं. "अण्णा, ह्यात तुमी कुठं हायसा?"

नाथाजी बघत राहिला. हलगीवाला होता. वाढपी होता. मुंबईचा साडू, ज्याचं येणं अजून नक्की नव्हतं, तोसुद्धा होता. त्याने डोळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं आणि मोजता मोजता त्याला समजलं — तो रोज सकाळी कंपनीची हजेरी घ्यायचा, डोंगरात, वाळूत, बर्फात. एकेक नाव पुकारायचा, प्रत्येकाचा जबाब यायचा, मग साहेबाला सलाम ठोकून सांगायचा, सगळे हजर. आणि एवढ्या वर्षांत स्वतःचं नाव त्याने कधी पुकारलं नव्हतं. पुकारणाऱ्याचं नाव पुकारायचं नसतंच. तो तर तिथे असतोच. असं आपलं सगळ्यांनी धरून चालायचं.

"ऱ्हायलं," तो म्हणाला. "इसरलो."

त्याला वाटलं ती म्हणेल, नेहमीसारखंच राहिलात. तिच्या चेहऱ्यावरून तसं काही तरी गेलंही. पदराआडचा तो अर्धा चेहरा क्षणभर सबंध दिसला. पण ती म्हणाली, "थांबा, जागा करू," आणि मामाला दोन बोटांत धरून बाजूला सारायला लागली. मामा हलेना.

"झटकन चिकटणारा डिंक हाय त्यो."

"मामा आहेच तसला. ब्लेड कुठंय?"

संयोगिताने आतून चहा पाठवला नव्हता, तो साक्षीच जाऊन घेऊन आली. फुलांचा कप, खाली बशी. स्वतःचा पेला आणायला विसरली, की आणला नाही. चटईवर मांडी घालून तिने ब्लेडने मामाच्या बुडाशी खरवडायला सुरुवात केली, आणि मधेच, नजर कामावरून न काढता, त्याच्या कपातला थोडा चहा बशीत ओतून घेतला आणि फुर्र करून प्यायली. बशीत तपकिरी कडं उमटलं. नाथाजी त्या कड्याकडे बघत राहिला. फोन पुन्हा वाजला. पडद्यावर टेम्पोवाल्याचं नाव होतं, जोतीराम.

"काय सांगणार त्याला?" त्याने विचारलं. सरळ, मधे कुणाला न घेता विचारलं.

"सांगते. बघू तर द्या आधी, मामा निघतोय का." ती फोन तसाच वाजू देत होती. "अण्णा, तुमचा फेटा कुठल्या रंगाचा करायचा? आणि मिश्या, पांढऱ्या का काळ्या?"

असला प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता. तो विचार करू लागला. पांढऱ्या म्हटलं तर खरं होतं. काळ्या म्हटलं तर, ती लहान असतानाचे सगळे दिवस त्या सुपारीला परत मिळाले असते — आणि हे दोन्ही हवंसं वाटत होतं, आणि बाहेर उसाची एक ट्रॉली गाणं लावून चालली होती, आणि उत्तराची घाई आहे असं आज पहिल्यांदाच वाटत नव्हतं. त्याने परातीकडे हात केला. तळाशी एकच सुपारी उरली होती. गोल, स्वच्छ, अजून चेहरा नसलेली. ती त्याने तळहातावर घेतली. हलकी होती. ऊबदार वाटली.

"नाथा," सोफ्यावरून रंगूबाई म्हणाली, "ती येक उरलीया न्हवं? अर्धी कातरून दे की रं हिकडं. मगाधरनं तोंड निस्तं रिकामं हाय."