शेजारच्या सीटचा ब्रेक

बेकरीवाल्याच्या जुन्या व्हॅनने भर चौकात मान टाकली, तेव्हापासून तो पावाचे ट्रे सायकलवरून पोहोचवत होता आणि वाटेत निम्मे पाव चपटे होत होते. त्यामुळे ड्रायव्हिंग स्कूलची एक गाडी विकायला काढल्याचं कानावर येताच तो बायकोला घेऊन तिथे थडकला.

बायकोने गाडीला एक चक्कर मारली आणि नाक मुरडलं. "गाडी म्हणायची की पत्र्याचा डबा? आणि पावणेतीन लाख किलोमीटर? अहो, एवढ्यात माणूस चंद्राच्या जवळपास पोचतो!"

"पण सगळे दुसऱ्या गियरमध्ये, ताई," ड्रायव्हिंग मास्तर म्हणाले. जन्मभर नवशिक्यांच्या शेजारी बसून खोटं बोलण्याइतकी ताकद त्यांच्यात उरली नव्हती. "इंजिन ठणठणीत आहे. क्लच परवाच नवा घातलाय. बंपर मात्र कितवा, ते मलाही आठवत नाही."

"चालवून तर बघू," म्हणत बेकरीवाला स्टिअरिंगवर बसला. बायको धुसफुसत शेजारी बसली. मास्तर मागे बसले आणि सवयीने त्यांनी डोळे मिटले.

मोकळा रस्ता दिसताच बेकरीवाल्याच्या अंगात आलं. वळणावरही त्याने वेग कमी केला नाही, आणि गाडी अचानक गचकन थांबली. त्याचं नाक काचेला टेकायचं तेवढं राहिलं.

"ब्रेक जाम झाला!" तो ओरडला.

"नाही हो," बायको खाली वाकून बघत म्हणाली. "इथे माझ्या पायाशी पण एक आहे."

लग्न झाल्यापासून तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद त्याने पाहिला नव्हता.

"घेऊन टाकू," ती म्हणाली.

आता बेकरीवाल्याला एकेक दोष दिसायला लागला. "पत्रा गंजलाय."

"रंग देऊ."

"सीट फाटलीय."

"कव्हर घालू."

"अगं, पावणेतीन लाख किलोमीटर!"

"अनुभवी आहे."

"तो जादा ब्रेक मी काढून देतो," मास्तर कळवळून म्हणाले.

"हात तर लावून बघा," ती म्हणाली. मास्तरांनी हात खिशात घातले.

गाडी घेतली. घरी येताना बायकोने एकदा गतिरोधकासाठी ब्रेक दाबला, एकदा मांजरासाठी, आणि एकदा नवरा तिच्या भावाला नावं ठेवत होता म्हणून. शेवटी तो गाडी कडेला घेऊन खाली उतरला आणि दार आपटून म्हणाला, "एवढंच असेल तर तूच चालव!"

तोंडातून निघून गेलं खरं. ती दुसऱ्याच दिवशी मास्तरांकडे शिकायला गेली, आणि मास्तर म्हणतात की तिच्या शेजारी बसून त्यांना पहिल्यांदाच डुलकी लागली.

आता पाव तीच पोहोचवते, आणि ते गोलच्या गोल पोचतात. बेकरीवाला भट्टीजवळ स्टुलावर बसून निवांत चहा पितो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, की गाडी घ्यायचा निर्णय आपलाच होता. तसं सांगायला बायकोची हरकत नाही.