अडवलेल्या पाण्याचा हिशेब

मित्रांनो, मी एक जुना पर्जन्यमापक आहे. वर नरसाळे, आत बाटली, भोवती जस्ती पत्र्याचा डबा, एवढाच माझा देह. पुण्याच्या एका कारखान्यात घडलो आणि एकोणीसशे चाळीस साली दुष्काळी कर्जत तालुक्यातल्या एका गावी शाळेपुढे येऊन बसलो. पावसाळ्यात यज्ञेश्वर मास्तर रोज सकाळी आठला माझ्यातले पाणी मोजून वहीत लिहीत. बहुतेक दिवशी शून्यच लिहावे लागे, तरी त्यांनी एक दिवस चुकवला नाही.

त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात गावाने ओढ्यावर बांध मागितला, म्हणून एक साहेब पाहणीला आले. ओसरीवर बसून म्हणाले, "पुणतांब्याकडे बघा, केवढी सुधारणा! तिथली माणसं कष्टाळू. तुमची रीतच आळसाची. बांध देऊन काय उपयोग?"

मास्तरांनी वही पुढे केली. "दोष माणसांचा नाही साहेब, जागेचा आहे. पाऊसच नाही, तिथं माणूस काय करील?"

माझा ऊर भरून आला. पण दाराशी मनकर्णाबाई उभी होती. पाच एकर कोरडवाहू कसून ती हिवाळ्यात ऊस तोडायला जाई.

"साहेब, मी तीन सालं पुणतांब्याला गेल्ते. ह्येच हात घिऊन गेल्ते. आळस काय वाटंत गळाला व्हय? आन् मास्तर, तिथं तरी कुठं लई पाऊस पडतोय? तिथं पाटाचं पानी हाय. कुनीतरी आनलं, म्हून आलं."

मास्तरांनी मान डोलावली. साहेबांनी मात्र जाताना नकारच लिहिला.

दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाई कुदळ घेऊन ओढ्यात उतरली. सोबत तिघी बाया होत्या. पोळ्यापर्यंत चाळीस माणसे झाली आणि मातीचा बांध उभा राहिला. भाद्रपदात एका दुपारी आभाळ फाटले. माझी बाटली भरून डब्यात सांडली, तिकडे बांध फुटला आणि मनकर्णाबाईचे अर्धे रान खरवडून गेले.

"आपल्या नशिबातच न्हाई," शेजारची झुंबरबाई रडत म्हणाली.

"नशीब न्हाई, बांध चुकला," मनकर्णाबाई म्हणाली. "मास्तर, किती पानी पडलं त्ये सांगा."

आजवर माझा आकडा कुणी असा विचारला नव्हता. तीन इंचांहून जास्त भरला. मास्तरांनी त्यावरून हिशेब मांडला, जादा पाणी जायला बाजूने दगडी सांडवा आखला. मनकर्णाबाई त्या वर्षी उसाला गेली नाही, बाया-माणसांना घेऊन तिने बांध पुन्हा घातला. पुढच्या पावसाळ्यात तेवढाच पाऊस कोसळला. पाणी सांडव्यावरून गर्जत गेले आणि बांध टिकला. चैत्रातही विहिरींत पाणी होते. गावात ऊस झाला नाही, तेवढे पाणी आमच्या जागेत नाहीच. पण ज्वारी डोक्याएवढी झाली आणि कितीतरी घरांना त्या हिवाळ्यात गाव सोडावे लागले नाही.

पुढे मास्तरांची बदली झाली. आता माझ्यात खडू ठेवतात आणि नरसाळ्याला पोचे आले आहेत. मित्रांनो, कुणाला मागासलेले म्हणण्याआधी त्यांच्या वाट्याला काय आले ते मोजा, आणि त्यातून ते काय करू बघताहेत तेही पाहा. मनकर्णाबाईने दुसऱ्या ओढ्यावर काम धरले आहे. मला पुसून उघड्यावर ठेवा. तिला आकडा लागणार आहे.