शुक्कारी मी अर्धा

शुक्कारी? कोनाला शुक्कारी सांगतो रं, केसरीनाथ? आज बुधवार, आज अवस, म्हनून बापाला इस्पितळात आनायचा न्हाय? मी काय बरनीतलं लोनचं हाय, दोन दिवस जास्त मुरलं तर चव येईल?

मी समेरियम बोलतोय, एकशे त्रेपन्न नंबरचा. सकाळपासनं मुंबईत इस्पितळात शिशाच्या जाड डब्यात बसलोय. तुझ्या बापासाठी.

माझा बाप साधी पांढरट भुकटी, जमिनीतनं निघालेला, कुनाच्या अध्यात न्हाय मध्यात न्हाय. त्याला कुपीत बंद करून ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत सोडला. तिथं न्यूट्रॉनांची ही गर्दी! एक शिरला पोटात आन् मी जन्मलो. जन्मालाच डोकं तापलेलं.

मंग मला एका औषधाला बांधलं. ते हाडाचं वेडं. जिथं कॅन्सर हाड कुरतडतो तिथं जाऊन चिकटतं, मलाबी संगं नेतं. तिथं बसून मी किरणांचा मारा करतो. अर्ध्या तांदळाएवढ्या लांबीचा, जास्त न्हाय. रोग बरा करतो असं म्हननार न्हाय, खोटं बोलत न्हाय मी. पन आठवड्याभरात दुखनं उतरतं. मानूस कुशीवर वळतो.

तुझा बाप बाळाराम दिवाळीपासनं वळला न्हाय.

मघाशी हिथल्या सरोजिनी सिस्टरनं अंजूरला तुझ्या घरी फोन लावला, तर तू असा बोंबललास की तिनं रिसीव्हर हातभर लांब धरला.

"अवसेला सुई न्हाय टोचायची! शुक्कारी आनतो."

मागनं म्हातारा ओरडला, "अरं, माझ्या हाडांना कोन सांगतं अवस हाय म्हनून? ती आजबी दुखतान!"

"बाबा, तुमी गप ऱ्हावा."

"भाऊ, ते औषध थांबत नाही हो," सिस्टर बोलली.

"मंग फ्रीजमध्ये ठेवा!"

फ्रीजमध्ये! सत्त्याण्णव साल हाय, भिवंडीत घरोघर फ्रीज आलं, म्हनून सगळंच त्यात टिकतं व्हय? तुझ्या निजामपुऱ्यातल्या लूमचं बटन दाबलं की धागा जागच्या जागी थांबतो. मला बटन न्हाय. सेहेचाळीस तासांत मी अर्धा. आनखी सेहेचाळीस तासांत पाव. जेवढा सरलो तेवढा युरोपियम होऊन गप बसतो, त्याचा तुझ्या बापाला काडीचा उपेग न्हाय. अर्ध्या मालावर सुधीर डॉक्टर सुई टोचत न्हाईत. पुढली खेप महिन्यानं. महिनाभर म्हातारा उतानाच.

आन् अवस कसली? आज अवसेला तुझे लूम दोन्ही शिफ्टला खडखडतायत. सिस्टरचं माहेर निजामपुऱ्यात हाय, बाबा. फोन ठेवताना पुटपुटली, "शुक्रवारी लूमला सुट्टी ना याच्या."

कळलं मला. तुझी सुट्टी ती माझी अर्धी जिंदगी.

ऊठ. लूम मुकादमाच्या हवाली कर. जीपमध्ये गादी टाक, बापाला झोपव. घरी नेल्यावर पहिला दिवस मी थोडा लघवीतनं भाईर पडतो, म्हनून दर खेपेला संडासात दोनदा पानी वत, एवढंच पथ्य. तीनच्या आत त्याला हिथं आन. आज.