दोन सुकाणूंची फेरीबोट

आज्ञेवरून ज्याने शस्त्र चालवले आणि त्यामुळे कोणाचा जीव गेला की नाही हे ज्याला कधी कळलेच नाही, त्याच्या दोषाचा प्रश्न त्याच्यापुरता मृत्यूने संपतो. लेकरांपुरता संपत नाही.

‘एलिनॉर’ ही कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदराच्या दोन काठांमध्ये माणसे नेणारी फेरीबोट. दुसऱ्या महायुद्धात तिच्या एका टोकाला तोफ बसवून, करडा रंग चढवून, तिला बंदराच्या तोंडाशी पहाऱ्यावर धाडण्यात आले. खलाशी जुनेच राहिले. तोफ डागणारा तोफची तेवढा नौदलाचा आला. आता एका लहान संग्रहालयात तिचा स्मृतिफलक लागणार होता, आणि नावांची यादी करण्याचे काम स्वयंसेविका दीप्ती मेश्राम हिच्याकडे होते.

तोफची एल्डन यांची कन्या डोरीनबाई, वय त्र्याऐंशी, तिला भेटायला आल्या.

“वडिलांचं नाव घालू नकोस,” त्या म्हणाल्या.

“का?”

“पिठाच्या गिरणीतून उचलून नौदलानं त्यांना बोटीवर घातलं होतं. चौथ्याच दिवशी, दाट धुक्यात, परत येताना पाणबुडीचा भास झाला. हुकूम आला, त्यांनी एक गोळा झाडला. नंतर बंदराच्या बाजूला, बोटीच्या वाटेवरच, मासेमारीची फुटकी होडी सापडली. दोघे भाऊ गेले. चौकशीत सिद्ध काही झालं नाही. गावानं मात्र ठरवून टाकलं. बाबांनीही. मरेपर्यंत त्यांनी मासा खाल्ला नाही.”

“आणि त्यांच्या हातून झालं नसेल तर?”

“तर मोठ्या अक्षरांत घाल. पण माझं मन राखायला काही शोधू नकोस, पोरी. ते काम पाद्री करून गेलाय.”

दीप्तीने बोटीची नोंदवही वाचायला घेतली. दर काही ओळींनी एकच नोंद येई: ‘खीळ बदलली.’

सोमवारी नवऱ्याबरोबर पलीकडच्या काठावरच्या डार्टमथच्या फेरीवर बसल्यावर ती म्हणाली, “बोट होती की खटारा? सारखी खीळ मोडत होती.”

धम्मदीप हसला. “तू रोज या फेरीनं जातेस. ही वळताना कधी पाहिलीस?”

“म्हणजे?”

“वळत नाही ती. जाते तशीच उलट परत येते. दोन्हीकडे तोंड, दोन्हीकडे सुकाणू. तू फोनमध्ये असतेस.”

“तू मेकॅनिकल इंजिनियर आहेस हे वर्षातून एकदाच कळतं.”

मग तिने ‘एलिनॉर’चे जुने आराखडे काढले. तिलाही दोन सुकाणू होती. पुढचे हलू नये म्हणून त्यात लोखंडी खीळ घालीत. परतताना ती काढून दुसऱ्या टोकाला घालीत. त्या सकाळची नोंद अशी होती: सहा दहा, खीळ बदलली, सहा पंचवीस, एक गोळा. मध्ये दुसरे काही नाही.

पहाऱ्यावर जाताना तोफेचे टोक पुढे असे. खीळ बदलून बोट न वळता परत निघाल्यावर तेच टोक मागे राहिले, मोकळ्या समुद्राकडे रोखलेले. बंदराच्या बाजूला तोफेच्या आड सुकाणूची खोली आणि धुराडे येत, तिकडे गोळा जाणेच शक्य नव्हते. होडी सापडली ती बंदराच्या बाजूला. चौकशी करणाऱ्या नौदलाच्या अधिकाऱ्यांनी, परतणारे जहाज वळलेच असणार, असे धरले. धुक्यात काठ न दिसणाऱ्या नवख्या एल्डननेही तेच धरले. फेरीच्या खलाशांच्या लेखी मात्र फेरी वळतच नसते. जे कधी घडतच नाही, ते घडले नाही असे कोण सांगणार?

डोरीनबाईंनी आराखड्यावर बोट ठेवून दोनदा सगळे समजून घेतले. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच दीप्तीला समजावले.

“मग ते दोघे कशानं गेले?”

“ते या वहीत नाही.”

आराखडा दीप्तीकडे सरकवून त्या म्हणाल्या, “बाबांचं नाव घाल. आणि त्या भावांचीही घाल. बोटीवर नव्हते, तरी घाल. मोठी अक्षरं नकोत, तिघांची सारखी.”

दीप्तीने यादीत तीन नावे लिहिली.

त्या दोघा भावांना सागराच्या कुशीत विसावा असो. ज्याने स्वतःला कधी क्षमा केली नाही, त्याला ती आता लाभो. आणि त्याच्या वृद्ध कन्येचे उरलेले दिवस निश्चिंत जावोत.